सोडतीचं बटण

सोडतीच्या दिवशी आमच्या घरात सकाळपासून डोकी फुटायची तयारी चालायची. आई उखळात हळद कुटून ठेवायची, जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडायची, तुरटीचा खडा कोनाड्यात ठेवायची आणि मग शांतपणे निवट्या साफ करायला बसायची. निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारे, डोळे वटारलेले मासे. जिवंत असतात तोवर हातात ठरत नाहीत, म्हणून आई त्यांच्यावर राख टाकायची आणि एकेकाचं डोकं फरशीवर आपटायची. टप्, टप्, टप्. बाहेर ओटीवर बाबा वल्ह्याला तेल लावत बसलेला असायचा. त्या दिवशी कोणी होडी पाण्यात घालत नसे, म्हणजे वल्ह्याला तेल लावायचं काही कारणच नव्हतं. ते तेल कशासाठी हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. माझा थोरला भाऊ धनादादा कडदोऱ्यात लोखंडी साखळी खोचून उगाच अंगणात येरझाऱ्या घालायचा. मी कॉलेजचं पुस्तक पुढ्यात धरून बसायचे आणि एक अक्षर वाचायचे नाही.

आमचा पाडा कोलशेतच्या कडेला, अगदी खाडीला चिकटून. घरटी डोल. डोल म्हणजे पिशवीसारखं लांबलचक जाळं. खाडीत दोन खुंट रोवायचे, प्रवाहाच्या तोंडावर डोल बांधायची आणि पाणी आणील ते घ्यायचं. तेव्हा सगळं काही खुंट कुठे आहेत त्यावर. मोठ्या वळणावरची जागा मिळाली तर वर्षभर घरात हसू, आणि कारखान्याच्या नाल्यापाशी मिळाली तर मासळीला औषधाचा वास आणि बाजारात बायकांच्या शिव्या. म्हणून दर वर्षी नारळी पुनवेच्या आधी समाजमंदिरात जागांची सोडत निघायची. हंड्यात चिठ्ठ्या टाकून. पुरुषांनीच. बायकांनी त्या वेळी दारं लावून घरात बसायचं, खिडकीतूनसुद्धा बघायचं नाही, आणि आत काय काय होतं ते विचारायचंही नाही. विचारलं तर खाडी कोपते म्हणे. आम्ही कानांनीच सोडत बघायचो. आधी कुजबुज, मग एकदम शांतता, मग कोणाच्या तरी आईचा उद्धार, आणि मग लाकडावर लाकूड. आई उठायची, पदर खोचायची आणि म्हणायची, "आयले आता. पाणी ठेव गो तापत."

बाबा मारकुटा होता, हे मी गोड करून सांगणार नाही. माझ्या डाव्या कानात आजही कधीकधी शिटी वाजते, ती त्याच्या एका थपडेची. का मारलेलं ते आठवत नाही, बहुतेक त्यालाही आठवलं नसतं. दादाला तो जाळ्याच्या ओल्या दोराने फोडायचा. आईवर हात टाकायचा, पण जपून, कारण आईच्या हाताशी कायम मासे कापायची कोयती असे आणि तिचा नेम चांगला होता. एकदा तिने फेकलेली कोयती दाराच्या चौकटीत रुतलेली, बाबाच्या खांद्यापासून वीतभर. त्यावर तो इतका हसला, इतका हसला, की आम्ही पोरं घाबरून रडायला लागलो. मी त्यांचीच मुलगी. आता कोपरला राहते, पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरतात, पण आमच्या सोसायटीत पार्किंगवरून भांडण लागलं की वॉचमन आधी माझ्याकडे बघतो आणि म्हणतो, "काकी, तुम्ही वर जावा."

तर ज्या सोडतीची ही गोष्ट, तिच्या आदल्या वर्षी फार झालं. वळणाची जागा काशिनाथला लागली, लागोपाठ दुसऱ्यांदा. काशिनाथ म्हणजे आमच्या समोरच्या आळीतला, चार दांडग्या पोरांचा बाप. बाबाला संशय आला म्हणून त्याने काशिनाथची चिठ्ठी हिसकावून मुठीत दाबली, तर ती गार! काशिनाथने आपली चिठ्ठी रात्रभर बर्फाच्या पेटीत ठेवलेली. आम्हा कोळ्यांच्या बोटांना बर्फ काय नवा आहे का? काढणाऱ्याला हंड्यात हात घातल्याबरोबर गार कागद लागायचा, आणि काढणारा काशिनाथचा मेव्हणा. बाबाने वल्हं घातलं ते काशिनाथच्या गळपट्टीच्या हाडावर. कट्ट असा आवाज आमच्या घरापर्यंत आला. काशिनाथच्या पोरांनी दादाला चिखलात पालथा पाडून त्याचा हात दगडाने ठेचला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट डॉक्टरांनी काढूनच टाकलं. पोलिसांनी दोन्हीकडचे उचलले, पण बाबाची आधीची प्रकरणं इतकी होती की त्याच्यावर चॅप्टर केस लागली. म्हणजे चांगलं वागायची लेखी हमी द्यायची, आणि ती मोडली तर सरळ आत. साहेब बोटाने मोजत बोलला, "हात उचललास की गेलास. कोणावर, का, मी विचारणार नाही." बाबा आत गेला तर होडी ओढणार कोण? दादाचा हात तसा, काका एकटा. आई त्या वर्षभर झोपेत बडबडायची.

मी तेव्हा बी.कॉम. होऊन ठाण्याला स्टेशनजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये आधी शिकायला आणि मग कामाला लागलेले. क्लास साठे सरांचा. सर डोंबिवलीचे, बँकेतली नोकरी सोडून यात पडलेले, शर्टाच्या खिशात नेहमी फ्लॉपी. इंटरनेट तेव्हा कुठे नवं नवं होतं, आणि बहुतेक ठिकाणी पानं नुसती वाचायला असायची. सरांना पानांनी काम करावं असं वाटायचं. त्यांनी मला पहिल्यांदा समजावलं ते अजून कानात आहे. "रंजना, पानावरच्या बटणात काही नसतं बरं का. बटण म्हणजे नुसती दाराची कडी. तू इथे क्लिक केलंस की निरोप तारेवरून दुसऱ्या मशीनकडे जातो, आपण तिथे लिहून ठेवलेलं काम तिथे होतं, आणि इथे येतं ते फक्त उत्तर." मी म्हटलं, "म्हणजे आई ओटीवरून पाणी मागते आणि कळशी भरते विहिरीवर." सर खूश झाले. पण एकदा परीक्षेच्या पानावर एका मुलाने बटण दाबलं, उत्तर लवकर येईना, म्हणून तो दाबतच राहिला. आतल्या मशीनने दर वेळी इमानेइतबारे काम केलं, आणि त्या एकट्यालाच इतकी हॉलतिकिटं निघाली की बाकीच्यांना जागा उरली नाही. एका मुलाच्या वडिलांनी सरांची कॉलर धरून त्यांना भिंतीवर आपटलं. चष्मा फुटला. तेव्हापासून सरांचा दंडक झाला, कोणी कितीदा का दाबेना, मशीनने पहिली क्लिक धरायची, बाकीच्या टाकून द्यायच्या आणि पहिलंच उत्तर पुन्हा दाखवायचं. तो दंडक मी घोटून घोटून शिकले.

सोडत मशीनवर काढायची कल्पना माझी नाही, आईची. जेवताना मी क्लासमधलं काहीतरी सांगत होते, तर ती घास हातात धरून थांबली. "तुझी ती मशीन हिकडं नसते? ठाण्याला असते?" "हो." "मंग आपल्या गावच्या कुनाचा हात तिथं पोचंल?" "नाही गं." ती तशीच उष्ट्या हाताने उठली आणि हरीतात्यांकडे गेली. हरीतात्या म्हणजे पाड्याचे पंच, सोडत त्यांच्या हातची. गावात बटण, ठाण्यात हंडा. बर्फाची पेटी तिथवर पोचत नाही. तात्यांना पटलं, काशिनाथलाही नाही म्हणायला तोंड नव्हतं. मी महिनाभर खपले. यादीतली सगळी नावं घोळायची, जागांपुढे मांडायची, बस, एवढंच काम, पण मी ते शंभरदा तपासलं असेल, कारण माझ्या डोळ्यांपुढे सारखी पोलिसांची जीप दिसायची. सरांनी क्लासमधलं एक मशीन उसनं दिलं. ते रिक्षातून मांडीवर घेऊन आणलं, तात्यांच्या घरच्या फोनची वायर समाजमंदिरात ओढली, दादाला कुठला प्लग कुठे ते शिकवलं. आणि एवढं सगळं करून तात्या मला म्हणाले, "पोरी, सोडतीला तुला आत येता येनार नाय. रीत हाय." मी ओठ चावले आणि म्हटलं, बरं. मी ठाण्यातच बसते, हंड्यापाशी.

तशी मी त्या दुपारी क्लासमध्ये, आतल्या मशीनसमोर. मोडेम कापल्या कोंबडीसारखा किंचाळला आणि गप्प झाला. गाव जोडलं गेलं. सर शेजारी उभे, त्यांच्या हातातल्या कपातला चहा निवून गेलेला. मग पडद्यावर एक ओळ उमटली. क्लिक आली, काम झालं. मी श्वास सोडते न सोडते तोच दुसरी ओळ. क्लिक आली, टाकून दिली. सर मोठ्याने हसले. "बघ! दोनदा दाबलंच शेवटी तुझ्या तात्यांनी. बरं झालं तू सोय करून ठेवलीस." वळणाची जागा कोणाला लागली ते मी वाचलं, पुन्हा वाचलं. बाबाला. देवाशपथ सांगते, मी त्यात बोटही घातलेलं नव्हतं.

बस पकडून घरी आले तर पाड्यावर वेगळंच. बंदोबस्ताची जीप पिंपळाखाली उभी, हवालदार बिड्या ओढतायत, आणि कोणाचंही डोकं फुटलेलं नाही. आमच्या ओटीवर बाबा, काका, हरीतात्या आणि चक्क काशिनाथ बसलेला, पुढ्यात पेले. बायका दारांतून बाहेर आलेल्या. आई निवट्यांचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या वाढत होती आणि मधेच कोणी बघत नसताना हसत होती. बाबाने मला बघून नुसती मान हलवली. बबनकाका, बाबाचा धाकटा भाऊ, होडीतला भागीदार, मला ओढून मधे घेऊन म्हणाला, "हा सगला तू एकटीनं केलास? काय मशीन गो!" मी फुगले. कोण नाही फुगणार? म्हटलं, "मग काय! तात्यांनी घाईत दोनदा दाबलं, पण मी आधीच बंदोबस्त केलेला. पहिलं धरलं आणि दुसरं टाकून दिलं."

हरीतात्यांनी पेला खाली ठेवला. "परत बोल." मी परत बोलले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

तात्यांच्या तोंडून तेव्हा मला कळलं, आणि तेव्हाच आईलाही कळलं, इतकी वर्षं लग्न होऊन, की सोडतीला हंडे दोन असतात. पहिला हंडा खाडीचा. त्यातल्या चिठ्ठ्या काढायच्या, पण उघडायच्या नाहीत, वाचायच्या नाहीत; तशाच नेऊन पाण्यात सोडायच्या, की बाई, पहिला मान तुझा. मग दुसरा हंडा गावाचा, तो वाचायचा. तात्यांनी घाईत काही केलं नव्हतं. त्यांनी पडद्यावर पंचा टाकून, डोळे मिटून पहिली क्लिक खाडीला वाहिली होती, आणि नंतर पंचा काढून दुसरी गावासाठी केली होती. मी गावाची सोडत टाकून दिली आणि खाडीची वाचायला लावली. आजपर्यंत मला लोक विचारतात, तुला वाईट नाही वाटलं? मला राग आला! अजून येतो. जी गोष्ट बाईच्या कानावर पडू द्यायची नाही, ती बाईने मशीनमध्ये लिहायची कशी?

काशिनाथ उठला. "खाडीच्या चिठ्ठीवर डोल लावणार? माणसं मरतील तुज्या पायी." "मना काय म्हाईत होतं?" बाबा बोलला. काशिनाथचा थोरला ओरडला, "बापानंच शिकवलान पोरीला!" आणि त्याने दादाच्या तोंडावर पेला फोडला. मग जे उसळलं! भाकरीची परात उलटली, कालवण अंगांवर उडालं, दादाने साखळी काढली आणि ती एकाच्या कानशिलावर अशी बसली की तो बसल्या जागी वाकडा झाला. दुसऱ्याने दादाला केसांना धरून पायरीवर डोकं हाणलं, एकदा, परत, परत. माझी वेणी कोणीतरी ओढली, मी वळून त्याच्या दंडाचा लचका तोडला, तोंडात रक्त आलं आणि खोटं का सांगू, गोड लागलं. आई कोयती घेऊन मधे शिरली. आणि बाबा? बाबाने ओटीचा खांब दोन्ही हातांनी कवटाळलेला. डोळे मिटून. काशिनाथ त्याच्या पाठीत लाथा घालत होता, नाकातून रक्त खांबावर ओघळत होतं, आणि तो खांबाला घट्ट धरून नुसता गुरगुरत होता, "नाय उचलत हात. नाय उचलत." हवालदार लाठ्या घेऊन धावत येईस्तोवर त्याने खांब सोडला नाही.

पोलिसांनी दोन बाजू केल्या. साहेब म्हणाला, आत्ताच्या आत्ता निकाल लावा, नाहीतर सगळ्यांना घालतो गाडीत. कोणी बोलला, चिठ्ठ्या करा. दुसरा बोलला, बर्फाच्या? परत बाह्या सरसावल्या. तेव्हा बाबा नाक पुसत उठला. "मशीनवरच निघंल. आनी माजी पोर आत बसंल." हरीतात्या म्हणाले, "बाईमानूस आत? खुळा झालास?" "तिला रीत म्हाईत नव्हती म्हनून चुकली. आता म्हाईत हाय. तीच दाबंल." तो समाजमंदिराच्या दारापाशी गेला आणि वल्हं चौकटीला आडवं लावून उभा राहिला. मारायला नाही, नुसता उभा. वल्ह्याखालून वाकून मी आत गेले. त्या जागी माझ्याआधी कोणी बाई गेली नव्हती. कोणी थुंकलं माझ्या पायापाशी. मी त्याच्याकडे बघितलं फक्त.

मी सरांना फोन लावला. "सर, ती अट काढा. एकदाच चालायची." "अगं, मग दोनदा चालेल ना!" "दोनदाच चालायला हवंय." पलीकडे कीबोर्डची टकटक. मग म्हणाले, "बरं. काढली." मोडेम किंचाळला. तात्यांनी पडद्यावर पंचा टाकला. मी डोळे मिटले आणि पहिली क्लिक केली. मनात म्हटलं, बाई, ही तुझी, मी बघणार नाही. बराच वेळ थांबले. मग पंचा काढला आणि दुसरी. पान वरून खाली हळूहळू उघडत गेलं, तेव्हा तसंच उघडायचं. वळणाची जागा, काशिनाथ. पान उतरत गेलं, एकेक नाव, आमचं येईचना. अगदी तळाला, कारखान्याच्या नाल्यापुढे, बाबाचं नाव. मी ते मोठ्याने वाचलं. एका बटणाने मी माझ्या घराचं वर्ष बुडवलं होतं.

सगळे दाराकडे बघू लागले. बाबाने वल्हं हळूच भिंतीला टेकवलं. तेवढ्यात बबनकाका पुढे घुसला. बिचारा आमच्याच भल्यासाठी बोलत होता, त्याचीही होडी तीच, त्याचंही पोट तेच. "खोटी हाय ही मशीन! दुपारी एक बोलली, आता एक. पोरीला काय जमलेला नाय. पुन्यांदा काढा, तात्या, मी सांगतंय, ही सोडत खोटी!" आणि माणसं माना डोलवायला लागली. बाबाने नुसतं 'हो' म्हटलं असतं तर पुन्हा निघाली असती. काशिनाथने मूठ आवळली.

बाबाने काकाच्या तोंडावर ठोसा मारला. पूर्ण खांद्याने, पाय रोवून. काका मागच्या बाकावर आडवा पडला, दात फरशीवर घरंगळला. बाबा त्याच्या छातीवर बसला, उजवा, डावा, उजवा, काकाचा चेहरा ओळखू येईना, आणि बाबा प्रत्येक ठोशाला रडत होता. ज्याच्याशी तो लहानपणापासून एका होडीत बसला त्या भावाला तो मारत होता. तिघा हवालदारांनी त्याला ओढून काढला. साहेबाने कपाळाला हात लावला. "सांगितलेलं ना तुला? मघाशी लाथा खात खांब धरून राहिलास, आणि आता?"

जीपमध्ये घालताना साहेबाने विचारलं, "मारलंस कोणाला?"

"भावाला."

"का?"

"सोडत खोटी बोलला."

"तुला कुठली जागा लागलेली?"

"नाल्यावरची. शेवटची."

साहेब म्हणाला, "म्हणजे तो तुझ्याच फायद्याचं बोलत होता की रे."

"होय," बाबा बोलला. "पन सोडत माज्या पोरीनं काढलेली. ती खरी हाय."

जीप निघून गेली. मी सगळ्या पाड्यासमोर, पिंपळाखाली, मातीत बसून हंबरडा फोडला. आईने मला उठवलं नाही, तीही शेजारी बसली. त्या वर्षी बाबा आत होता, काका चेहरा बरा झाल्यावर मुकाट्याने नाल्यावर खुंट रोवायला गेला, आणि सोडत कोणीही परत मागितली नाही. बाबाने त्याआधी माझ्याबद्दल चांगला असा एक शब्द कधी काढलेला मला आठवत नाही. त्यानंतरही काढला नाही, मरेपर्यंत.